कमांड-लाइनवरून कॅमेरा चालत नाही? दोष शोधायचा क्रम

कॅमेरा जोडला, कुठूनतरी एक लांबलचक कमांड आणून चिकटवली आणि टर्मिनलमध्ये एररच्या दहा ओळी आल्या. इथून पुढे बहुतेक जण त्याच कमांडशी झटापट करत बसतात. रिझोल्यूशन कमी करून बघतात, सुडो लावतात (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवतात), पोर्ट बदलतात आणि शेवटी सगळं पुन्हा इन्स्टॉल करतात. कधीकधी चित्र दिसायलाही लागतं. पण नेमकं कशामुळे दिसलं ते कळलेलं नसतं, आणि पुढच्या रीबूटला तेच दुखणं परत येतं.

त्या एका ओळीत पाच वेगळी कामं कोंबलेली असतात: कॅमेरा उघडणं, फॉरमॅट ठरवणं, फ्रेम उचलणं, एन्कोड करणं (ठराविक फॉरमॅटमध्ये आटोपशीर बसवणं) आणि फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर टाकणं. बिघाड बहुधा एकाच कामात असतो, पण एरर सगळ्यांच्या येतात. म्हणून खालचा क्रम ही कामं सुटी करून तपासतो. एक टप्पा पार पडल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम पाळा.

लेख लिनक्ससाठी आहे. यूएसबी वेबकॅम, रास्पबेरी पायचं कॅमेरा मॉड्यूल आणि आरटीएसपी (नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्याची पद्धत) देणारा नेटवर्क कॅमेरा, असे तीन प्रकार धरले आहेत. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

## तयारी: आधी हत्यारं, मग कॅमेरा

व्ही४एल-यूटिल्स (लिनक्सवर कॅमेरा तपासायची साधनं) आणि एफएफएमपेग (व्हिडिओ रेकॉर्ड आणि रूपांतर करणारं साधन) ही दोन पॅकेजेस हवीतच. पहिल्यातून व्ही४एल२-सीटीएल मिळतं, दुसऱ्यातून एफएफप्रोब आणि एफएफप्ले. कॅमेरा कोणी अडवून ठेवला आहे ते बघायला फ्यूझर लागेल, ते पीएसमिस्क पॅकेजमध्ये असतं.

दोन टर्मिनल उघडा. एकात कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग सतत वाहता ठेवा:

सुडो डीमेसेज -डब्ल्यू

दुसऱ्यात प्रयोग करा. या पहिल्या खिडकीकडे कोणी बघत नाही, आणि निम्मी उत्तरं तिथेच असतात.

लॉग जपून ठेवायचा असेल तर एक खाचखळगा लक्षात घ्या. एफएफएमपेग आपले सगळे संदेश स्टँडर्ड एररवर पाठवतं. त्यामुळे नुसतं "मोठं-पेक्षा" चिन्ह लावून लॉग फाइलमध्ये वळवला तर फाइल रिकामी राहते. त्या चिन्हाआधी २ हा आकडा लावा, किंवा सरळ -रिपोर्ट हा पर्याय द्या. मग एफएफएमपेग स्वतःच चालू फोल्डरमध्ये तपशीलवार लॉग लिहून ठेवतं.

एरर वाचताना वरून खाली वाचा. "कन्व्हर्जन फेल्ड" किंवा "इनपुट/आउटपुट एरर" ही शेवटची ओळ म्हणजे केवळ परिणाम. कारण बहुधा चार-पाच ओळी वर असतं, आणि मदत मागताना लोक नेमकी तीच ओळ कापून टाकतात.

आणखी एक: ब्राउझर, व्हिडिओ-कॉलचं ॲप, मागे चालू राहिलेली स्क्रिप्ट, सगळं बंद करा.

## १. यंत्राला कॅमेरा दिसतो का

### यूएसबी कॅमेरा

कॅमेरा काढा, पुन्हा लावा आणि डीमेसेजची खिडकी बघा. कॅमेऱ्याचं नाव आणि यूव्हीसीव्हिडिओ या यूएसबी कॅमेऱ्यांच्या ड्रायव्हरची ओळ आली तर ठीक. "डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१" अशी ओळ आली तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. -७१ म्हणजे यूएसबीवरचा संवादच तुटतो आहे. केबल, हब किंवा वीजपुरवठा यांपैकी काहीतरी गडबडलं आहे. आधी हब काढून कॅमेरा थेट यंत्राला लावा. लांब एक्स्टेन्शन केबल असेल तर तीही काढा.

काहीच ओळ आली नाही तर एलएसयूएसबी चालवून बघा. तिथेही कॅमेरा नसेल तर यंत्राच्या लेखी तो जोडलेलाच नाही.

### रास्पबेरी पायचं मॉड्यूल

इथे चुका जास्त होतात, म्हणून जरा थांबून बघू.

रिबन केबल लावताना वीज पूर्ण बंद हवी. यूएसबीसारखं चालू यंत्रात हे जोडायचं नसतं. पाय ४ आणि त्याआधीच्या मोठ्या बोर्डांवर केबलचे चंदेरी संपर्क एचडीएमआयकडे आणि निळी पट्टी नेटवर्क पोर्टकडे येते. त्याच बोर्डावर डिस्प्लेचा कनेक्टर हुबेहूब तसाच दिसतो. केबल त्यात गेली तर कॅमेरा कधीच सापडणार नाही. पाय ५ आणि पाय झीरोवर २२ पिनांचा अरुंद कनेक्टर आहे, जुन्या मॉड्यूलची १५ पिनांची केबल त्यात बसत नाही, वेगळी घ्यावी लागते.

आता सॉफ्टवेअर. शोधून सापडणाऱ्या अर्ध्या सूचना रास्पिस्टिल आणि रास्पिव्हिड या कमांडच्या असतात. ही जोडी जुन्या प्रणालीची. रास्पबेरी पाय ओएसच्या २०२१ मधल्या बुल्सआय आवृत्तीपासून लिबकॅमेरा ही नवी प्रणाली आली आणि २०२३ च्या बुकवर्ममध्ये जुनी प्रणाली काढूनच टाकली. त्याच वेळी लिबकॅमेरा-स्टिल, लिबकॅमेरा-व्हिड यांची नावंही आरपीआयकॅम-स्टिल, आरपीआयकॅम-व्हिड अशी बदलली. म्हणून "कमांड नॉट फाउंड" आलं की काही इन्स्टॉल करायला धावू नका. आधी तुमची आवृत्ती कोणती आणि सूचना कोणत्या काळातली, ते बघा. मग हे चालवा:

आरपीआयकॅम-हॅलो --लिस्ट-कॅमेराज

सेन्सरचं नाव यायला हवं: पहिल्या मॉड्यूलचा ओव्ही५६४७, दुसऱ्याचा आयएमएक्स२१९, एचक्यूचा आयएमएक्स४७७, तिसऱ्या मॉड्यूलचा आयएमएक्स७०८. "नो कॅमेराज अव्हेलेबल" आलं तर /बूट/फर्मवेअर/ या फोल्डरमधली कॉन्फिग फाइल उघडा. जुन्या आवृत्तीत ती थेट /बूट/ मध्ये होती. त्यामुळे बरेच जण चुकीची फाइल दुरुस्त करून रीबूट मारत राहतात. अधिकृत मॉड्यूल असेल तर कॅमेरा_ऑटो_डिटेक्टची किंमत १ हवी. दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल असेल तर ती ० करून सेन्सरच्या नावाचा डीटीओव्हरले (कोणतं हार्डवेअर जोडलं आहे ते सांगणारी ओळ) स्वतः लिहावा लागतो. जुन्या सूचना वाचून घातलेली स्टार्ट_एक्सची ओळ काढून टाका.

डीमेसेजमध्ये "फेल्ड टू रीड चिप आयडी" दिसलं तर समजा, ड्रायव्हर बरोबर लागला आहे पण सेन्सर उत्तर देत नाही. म्हणजे पुन्हा केबल. दोन्ही टोकं काढून सरळ बसवा.

इशारा: व्हीसीजेनसीएमडी या पायची स्थिती सांगणाऱ्या कमांडची गेट_कॅमेरा ही तपासणी नव्या प्रणालीत दिशाभूल करते. लिबकॅमेऱ्यात कॅमेरा नीट चालत असतानाही ती "डिटेक्टेड शून्य" म्हणते. तिच्यावर विसंबून मॉड्यूल फेकून देऊ नका.

पायवर वीज पुरेशी आहे का, हे इथेच उरकून घ्या. व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड चालवा. ०एक्स० आलं तर उत्तम. ०एक्स५०००० म्हणजे बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं आणि वेगही कापला गेला. ०एक्स५०००५ म्हणजे हे या क्षणीही चालू आहे. असा पाय घेऊन पुढचे टप्पे करण्यात अर्थ नाही, आधी ॲडाप्टर बदला.

## २. नोड कोणता, परवानगी आहे का

व्ही४एल२-सीटीएल --लिस्ट-डिव्हाइसेस

यूएसबीचा एकच कॅमेरा लावला तरी व्हिडिओ० आणि व्हिडिओ१ असे दोन नोड (/डेव्ह/ फोल्डरमधली कॅमेऱ्याची नावं) दिसतात, आणि लोकांना वाटतं दुसरा कॅमेराही सापडला. तसं नाही. कर्नल ४.१६ पासून यूव्हीसी ड्रायव्हर मेटाडेटासाठी वेगळा नोड बनवतो. त्या नोडवर एफएफएमपेग चालवलं की "इनॲप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस" किंवा "नॉट अ व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस" असं उत्तर येतं. चित्र देणारा नोड कोणता ते असं ओळखा:

व्ही४एल२-सीटीएल -डी /डेव्ह/व्हिडिओ० --लिस्ट-फॉरमॅट्स-एक्स्ट

ज्या नोडवर फॉरमॅटची यादी येते तो खरा. रास्पबेरी पायवर व्हिडिओ१० पासून पुढे बरेच नोड दिसतात. ते कोडेक (व्हिडिओ एन्कोड-डीकोड करणारा भाग) आणि इमेज प्रोसेसरचे, कॅमेऱ्याचे नव्हेत. आणि पायच्या रिबन मॉड्यूलवर नव्या प्रणालीत /डेव्ह/व्हिडिओ० थेट उघडून एफएफएमपेग चालवू नका. तिथून तयार चित्र येत नाही. सेन्सरचा कच्चा डेटा लिबकॅमेऱ्यातून गेल्यावरच त्याचं चित्र होतं. त्या मॉड्यूलसाठी आरपीआयकॅमच्या कमांड वापरा आणि हवं तर त्यांचं आउटपुट पाइपने एफएफएमपेगकडे द्या.

"परमिशन डिनाइड" आलं आणि सुडो लावल्यावर कमांड चालली, तर तुमचं खातं व्हिडिओ या ग्रुपमध्ये नाही. यूझरमॉडने ग्रुपमध्ये घाला आणि लॉग-आउट करून परत या. त्याशिवाय बदल लागू होत नाही. यूझरमॉडला -ए आणि मोठ्या अक्षरातला -जी असे दोन्ही पर्याय द्या. नुसता -जी दिला तर जोडलेले बाकी सगळे ग्रुप निघून जातात, सुडोचासुद्धा. कायम सुडो लावत राहणं हा उपाय नव्हे. मग फोटोंच्या फाइली रूटच्या नावावर तयार होतात आणि दुसरी स्क्रिप्ट त्या पुसू शकत नाही.

"डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" आलं तर:

फ्यूझर -व्ही /डेव्ह/व्हिडिओ०

कोणती प्रोसेस कॅमेरा धरून बसली आहे ते कळेल. बरेचदा ती तुमचीच कालची कमांड असते, कंट्रोल-सी ऐवजी कंट्रोल-झेड दाबून "बंद" केलेली. कंट्रोल-झेड प्रोसेस थांबवतं, संपवत नाही, आणि कॅमेरा तिच्याच ताब्यात राहतो.

नोडचा आकडा रीबूटनंतर बदलू शकतो. स्क्रिप्टमध्ये व्हिडिओ० न लिहिता /डेव्ह/व्ही४एल/बाय-आयडी/ मधलं नाव वापरा. एकाच बनावटीचे दोन कॅमेरे असतील आणि त्यांना वेगळे सीरियल नंबर नसतील, तर बाय-पाथ फोल्डरमधलं नाव घ्या. ते पोर्टवरून ठरतं, म्हणून कॅमेऱ्यांचे पोर्ट मात्र अदलाबदल करू नका.

## ३. फॉरमॅट: सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो

"कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेमचा आहे, पण मला दहाच मिळतात." या तक्रारीचं उत्तर साध्या गुणाकारात आहे.

साधे वेबकॅम दोन प्रकारांनी चित्र देतात. एक कच्चं, वाययूवायव्ही, ज्यात प्रत्येक पिक्सेलला २ बाइट लागतात. दुसरं एमजेपीईजी, ज्यात कॅमेराच प्रत्येक फ्रेम जेपीईजी करून पाठवतो. १२८० बाय ७२० चं कच्चं चित्र ३० फ्रेमने हवं असेल तर सेकंदाला सुमारे ५५ मेगाबाइट लागतात. यूएसबी २ वरचे बहुतेक वेबकॅम ज्या आयसोक्रोनस (बँडविड्थ आधीच राखून ठेवणाऱ्या) पद्धतीने डेटा पाठवतात, तिची एका एंडपॉइंटची कमाल मर्यादा सेकंदाला साधारण २४.५ मेगाबाइट आहे. म्हणजे हे होणारच नाही. त्याच आकाराच्या १० फ्रेमना १८.४ मेगाबाइट लागतात, ते बसतं. ६४० बाय ४८० च्या ३० फ्रेमनाही नेमके १८.४ च लागतात. वेबकॅमच्या यादीत कच्च्या फॉरमॅटपुढे हेच दोन आकडे वारंवार का दिसतात, ते यावरून कळेल.

उपाय म्हणजे एमजेपीईजी मागणं. एफएफएमपेगला सांगितलं नाही तर ते बहुतेक वेळा कच्चंच घेतं. पण आधी एफएफएमपेग बाजूला ठेवून कॅमेरा एकटा किती देतो ते मोजा:

व्ही४एल२-सीटीएल -डी /डेव्ह/व्हिडिओ० --सेट-एफएमटी-व्हिडिओ=विड्थ=१२८०,हाइट=७२०,पिक्सेलफॉरमॅट=एमजेपीजी --स्ट्रीम-एममॅप --स्ट्रीम-काउंट=१५०

यातलं एमजेपीजी हे चार अक्षरी नाव मोठ्या अक्षरांत लिहा. कमांड चालताना फ्रेमच्या खुणा आणि सेकंदाला किती फ्रेम आल्या ते दिसतं. इथे ३० आले आणि एफएफएमपेगमध्ये १२, तर दोष एन्कोडिंगचा. इथेच १५ आले तर दोष कॅमेऱ्याचा किंवा बसचा.

तपासणी: मागितलं तेच मिळालं का, ते --ऑल पर्यायाने परत वाचून बघा. व्ही४एल२ चा रिवाज असा की न जमणारा आकार मागितला तर ड्रायव्हर एरर न देता जवळचा आकार गुपचूप लावतो. एफएफएमपेग निदान "ड्रायव्हरने आकार बदलला" अशी एक ओळ छापतं. बाकीची बरीच साधनं तेवढंही करत नाहीत.

आकार बरोबर, फॉरमॅट बरोबर, दिवसा ३० फ्रेम आणि संध्याकाळी १५? हा बिघाड नाही. उजेड कमी झाला की ऑटो-एक्स्पोजर शटर जास्त वेळ उघडं ठेवतं आणि फ्रेमचा वेग पाडतं. --लिस्ट-सीटीआरएलएस ने कंट्रोलची यादी काढा आणि एक्स्पोजर_डायनॅमिक_फ्रेमरेट ० करा. जुन्या कर्नलमध्ये त्याचं नाव एक्स्पोजर_ऑटो_प्रायॉरिटी होतं. चित्र गडद येईल, पण वेग टिकेल. दोन्ही हवं असेल तर दिवा लावा.

चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर त्याच यादीतलं पॉवर_लाइन_फ्रीक्वेन्सी बघा: १ म्हणजे ५० हर्ट्झ, २ म्हणजे ६० हर्ट्झ. तुमच्या विजेला जुळेल ते ठेवा.

### दोन कॅमेरे आणि "जागा नाही"

पहिला कॅमेरा चालू असताना दुसरा सुरू केला की "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" येतं. लोक लगेच डिस्क साफ करायला लागतात. या एररचा डिस्कशी काही संबंध नाही. यूएसबी बसवर राखून ठेवण्याएवढी बँडविड्थ उरली नाही, एवढाच तिचा अर्थ. कॅमेरा प्रत्यक्षात किती पाठवतो यावर हे ठरत नाही. सुरुवातीला तो किती मागून ठेवतो यावर ठरतं, आणि काही कॅमेरे गरजेपेक्षा बरंच जास्त मागतात.

एलएसयूएसबी -टी ने झाड काढा आणि दोन्ही कॅमेरे वेगवेगळ्या कंट्रोलरवर आहेत का ते बघा. एकाच हबवर असतील तर वेगळे करा. शक्य नसेल तर आकार किंवा फ्रेमचा वेग कमी करा. कच्च्या फॉरमॅटसाठी यूव्हीसीव्हिडिओ मॉड्यूलला क्वर्क्स=१२८ देऊन बँडविड्थचा हिशेब ड्रायव्हरकडून करवून घेता येतो, पण हा उपाय सगळं करून झाल्यावरचा.

## ४. एक फोटो नीट काढा

व्हिडिओकडे जाण्याआधी एक फ्रेम नीट आली पाहिजे.

पहिला फोटो काळा किंवा हिरवट येतो, कारण कॅमेऱ्याचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स स्थिर व्हायला काही फ्रेम जाव्या लागतात. एफएसवेबकॅम या फोटो काढणाऱ्या साधनात लोक यासाठी मोठ्या अक्षरातला -डी देऊन दोन सेकंदांचा विलंब लावतात आणि फोटो तरी काळाच येतो. तो विलंब कॅप्चर सुरू होण्याआधीचा असतो, त्या वेळात कॅमेरा फ्रेम देतच नसतो. हवा असतो तो मोठ्या अक्षरातला -एस:

एफएसवेबकॅम -डी /डेव्ह/व्हिडिओ० -आर १२८०x७२० -एस २० --नो-बॅनर फोटो.जेपीजी

इथे पहिल्या २० फ्रेम टाकून दिल्या जातात. -आर द्यायला विसरू नका. तो नसेल तर एफएसवेबकॅम ३८४ बाय २८८ चा इवलासा फोटो देतं आणि दोष कॅमेऱ्याला लागतो.

एफएफएमपेगने करायचं तर इनपुटच्या -आय नंतर -एसएस २ आणि -फ्रेम्स:व्ही १ लिहा. दोन सेकंदांच्या फ्रेम सोडून एक लिहिली जाईल. फाइलच्या नावात इमेज-सिक्वेन्स पॅटर्न नाही अशी तक्रार आली तर -अपडेट १ जोडा.

पायच्या मॉड्यूलवर आरपीआयकॅम-स्टिल मुळातच पाच सेकंद प्रिव्ह्यू चालवून मग फोटो काढतं. "कमांड अडकते" ही तक्रार त्याचीच असते. वेळ -टी ने मिलिसेकंदांत द्या. -टी २ म्हणजे दोन सेकंद नव्हेत, दोन हजारांश सेकंद. स्क्रीन नसलेल्या पायवर -एन देऊन प्रिव्ह्यू बंद ठेवा.

डीएसएलआर यूएसबीने लावून जीफोटो२ वापरणाऱ्यांना "कुड नॉट क्लेम द यूएसबी डिव्हाइस" हमखास भेटतं. डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरने कॅमेरा आपोआप माउंट केलेला असतो. तो अनमाउंट करा, तेवढ्याने नाही भागलं तर जीव्हीएफएस-जीफोटो२ ची प्रोसेस बंद करा.

## ५. फाइलमध्ये रेकॉर्ड करा

एफएफएमपेगमध्ये पर्यायांची जागा अर्थ बदलते. -आय च्या आधी लिहिलेलं इनपुटला लागू होतं, नंतर लिहिलेलं आउटपुटला. इनपुट फॉरमॅट, आकार आणि फ्रेमरेट -आय च्या नंतर लिहिले की कॅमेरा आपल्या मर्जीच्या फॉरमॅटमध्येच उघडतो.

एफएफएमपेग -एफ व्ही४एल२ -इनपुट_फॉरमॅट एमजेपीईजी -व्हिडिओ_साइझ १२८०x७२० -फ्रेमरेट ३० -आय /डेव्ह/व्हिडिओ० -सी कॉपी चाचणी.एमकेव्ही

आधी असं -सी कॉपी करून बघा. यात प्रोसेसरला जवळजवळ काम नाही. हे नीट चाललं की मगच लिबएक्स२६४ (एच.२६४ व्हिडिओ बनवणारा एन्कोडर) आणा. त्यानंतर धक्के बसायला लागले तर प्रोसेसर कमी पडतो आहे हे सिद्ध झालं. मग -प्रीसेट अल्ट्राफास्ट लावा किंवा आकार घटवा. पाय ५ वर एच.२६४ चा हार्डवेअर एन्कोडर नाही, हेही इथे ध्यानात असू द्या. पाय ४ साठी लिहिलेली हार्डवेअर एन्कोडरची कमांड त्यावर चालणार नाही.

एमजेपीईजी कॅमेऱ्यातून थेट एक्स२६४ केलं की फाइल संगणकावर चालते आणि फोनवर किंवा ब्राउझरमध्ये नुसता काळा पडदा दिसतो, असं बरेचदा होतं. कॅमेऱ्याचं रंगांचं ४:२:२ रूप तसंच पुढे गेलेलं असतं. आउटपुटच्या बाजूला -पिक्स_एफएमटी वाययूव्ही४२०पी द्या.

इशारा: लांब रेकॉर्डिंग थेट एमपी४ मध्ये करू नका. एमपी४ ची अनुक्रमणिका फाइल बंद होताना लिहिली जाते. वीज गेली किंवा किल -९ मारलं की "मूव्ह ॲटम नॉट फाउंड" आणि सगळं रेकॉर्डिंग गेलं. एमकेव्ही वापरा, नंतर हवं तर -सी कॉपी करून एमपी४ करा. थांबवताना क्यू किंवा एकदाच कंट्रोल-सी.

आरपीआयकॅम-व्हिडने केलेली नुसती .एच२६४ फाइल वेगाने किंवा संथ चालते, कारण तिच्यात वेळेची नोंदच नसते. प्लेअर अंदाजाने वेग धरतो. ती गुंडाळताना -आय च्या आधी -फ्रेमरेट ३० असं खरं मूल्य द्या.

## ६. नेटवर्क कॅमेरा: आरटीएसपी

इथे पहिला अडथळा कॅमेरा नसून शेल असतो. कॅमेऱ्याच्या पत्त्यात बरेचदा "&" हे चिन्ह असतं, आणि शेलला ते दिसलं की तो तिथेच कमांड तोडून ती पार्श्वभूमीला पाठवतो. पत्ता नेहमी एकेरी अवतरणात ठेवा. पासवर्डमध्ये @ असेल तर त्याच्या जागी %४० लिहा, नाहीतर पत्त्याचा सर्व्हर कुठून सुरू होतो तेच चुकतं.

एफएफप्रोब -आरटीएसपी_ट्रान्सपोर्ट टीसीपी -आय 'आरटीएसपी://...'

उत्तरावरून पुढचं ठरवा. "४०१ अनऑथराइज्ड" म्हणजे नाव-पासवर्ड. "४०४ नॉट फाउंड" म्हणजे कॅमेरा भेटला, पण पोर्टनंतरचा मार्ग चुकला. तो कॅमेऱ्याच्या कागदपत्रांतूनच घ्यावा लागतो, अंदाजाने सापडत नाही. "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणजे यंत्र जागं आहे पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आरटीएसपी चालू आहे का आणि पोर्ट ५५४ च आहे का ते बघा. नुसताच टाइम-आउट झाला तर पत्ता किंवा फायरवॉल.

चित्र येतं पण खालचा अर्धा भाग करडा पडतो, रंग ओघळतात? आरटीएसपीचा डेटा मुळात यूडीपीने येतो आणि वाटेत पाकिटं हरवतात. वरचा टीसीपीचा पर्याय -आय च्या आधी लावा. तो नंतर लावणारेही पुष्कळ आहेत, आणि "टीसीपीनेही फरक पडला नाही" असं सांगतात.

कॅमेरा मध्येच बंद पडला तर एफएफएमपेग तसंच लटकत राहू शकतं. -टाइमआउट द्या, पण तो मायक्रोसेकंदांत: पाच सेकंदांसाठी ५००००००. आवृत्ती ४ मध्ये याच कामाच्या पर्यायाचं नाव -एसटाइमआउट होतं.

एमपी४ मध्ये कॉपी करताना "पीसीएम-ए-लॉ" कोडेकबद्दल तक्रार आली तर ती आवाजाची आहे, चित्राची नव्हे. आवाज नको असेल तर -एएन, हवा असेल तर -सी:ए एएसी.

आणि -आरई हा पर्याय थेट कॅमेऱ्याला लावू नका. तो फाइल खऱ्या वेगाने वाचण्यासाठी आहे. कॅमेरा मुळातच खऱ्या वेगाने येतो, तिथे त्याने उशीर वाढू शकतो आणि फ्रेम गळू शकतात.

## ७. स्वतःचा स्ट्रीम बाहेर द्या

आधी त्याच यंत्रावर पाहा, मग घरच्या नेटवर्कवर, सगळ्यात शेवटी बाहेरून. पायवरची साधी चाचणी अशी:

आरपीआयकॅम-व्हिड -टी ० -एन --इनलाइन --लिसन -ओ टीसीपी://०.०.०.०:८८८८

-टी ० नसेल तर पाच सेकंदांत स्ट्रीम संपतो. --लिसन नसेल तर कमांड स्वतःच कुठेतरी जोडायला जाते. --इनलाइन नसेल तर एच.२६४ ची शीर्षकं फक्त सुरुवातीला जातात, आणि मधूनच जोडल्या गेलेल्या प्लेअरला चित्र उलगडता येत नाही. ०.०.०.० च्या जागी १२७.०.०.१ लिहिलं तर दुसऱ्या यंत्रावरून काहीच दिसणार नाही. एसएस -एलटीएन ने पोर्ट खरंच ऐकतो आहे का, कोणत्या पत्त्यावर, ते बघा. हा रस्ता एकाच पाहणाऱ्यासाठी आहे. जास्त जण असतील तर मध्ये मीडियाएमटीएक्ससारखा आरटीएसपी सर्व्हर ठेवा.

स्ट्रीम सुरू होताना सात-आठ सेकंद काळोख असेल तर की-फ्रेमचं (स्वतःपुरत्या पूर्ण असलेल्या फ्रेमचं) अंतर बघा. एक्स२६४ मुळात २५० फ्रेमपर्यंत थांबू शकतं, ३० च्या वेगाने ते आठ सेकंदांहून जास्त होतं. -जी ३० द्या. उशीर कमी करायला -ट्यून झीरोलेटन्सी लावा, आणि प्लेअरही तपासा. व्हीएलसी नेटवर्कसाठी मुळातच एक सेकंदाचा साठा धरतं. मोजमाप करताना एफएफप्लेला -एफफ्लॅग्ज नोबफर देऊन बघा, म्हणजे उशीर पाठवणाऱ्याकडे आहे की पाहणाऱ्याकडे ते कळेल.

इशारा: राउटरवर पोर्ट उघडून कॅमेरा थेट इंटरनेटवर सोडू नका. बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएनमधून या. कमांडमध्ये लिहिलेला पासवर्ड पीएसच्या यादीत आणि शेलच्या हिस्टरीत उघडा पडतो, हेही जाणून असा.

## ८. हाताने चालतं, क्रॉनमधून नाही

क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सेवा. तिचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तुटपुंजा असतो, म्हणून प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहा. फोटो कुठे ठेवायचा त्याचाही पूर्ण पत्ता द्या, नाहीतर तो भलत्याच फोल्डरमध्ये सापडतो. क्रॉन ज्या खात्यावर चालतो ते खातं व्हिडिओ ग्रुपमध्ये आहे का, ते दुसऱ्या टप्प्याप्रमाणे पाहा.

फोटोच्या नावात तारीख घालण्यासाठी डेटची कमांड थेट क्रॉनटॅबमध्ये लिहिली की गडबड होते. क्रॉनटॅबमध्ये % म्हणजे ओळ संपली. प्रत्येक % च्या आधी उलटी तिरकी रेघ द्या. त्यापेक्षा कमांड एका स्क्रिप्टमध्ये ठेवून क्रॉनमधून ती स्क्रिप्ट बोलावणं मला बरं वाटतं, हाताने तपासताही येते.

अनेक कॅमेऱ्यांची यादी व्हाइल-रीडच्या लूपने वाचून प्रत्येकावर एफएफएमपेग चालवत असाल आणि पहिल्याच कॅमेऱ्यानंतर लूप संपत असेल, तर एफएफएमपेगने उरलेली यादी कीबोर्डचं इनपुट समजून गिळली आहे. -नोस्टडइन द्या.

सतत चालणाऱ्या स्ट्रीमसाठी क्रॉन नको, सिस्टमडीची (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस करा. रीस्टार्ट=ऑल्वेज सोबत रीस्टार्टसेक=५ तरी ठेवा (रीस्टार्टमधला आर आणि सेकमधला एस मोठ्या अक्षरात). प्रोसेस पडल्यावर कॅमेरा मोकळा व्हायला क्षणभर लागू शकतो. लगेच परत सुरू केलं की "बिझी" मिळतं, थोड्या वेळात बरेचदा पडल्यामुळे सिस्टमडी प्रयत्न सोडून देतं, आणि सकाळी बघावं तर स्ट्रीम रात्रीच बंद पडलेला असतो. जर्नलसीटीएल -यू सर्व्हिसचं नाव, एवढं चालवून लॉगची पहिली एरर शोधा आणि ती ज्या टप्प्याची असेल तिथून पुन्हा सुरुवात करा.